प्रश्न बॅटरीचा, की ‘बघ, म्हटलं होतं ना’चा?

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून) :

सव्वा वर्षापूर्वी माझ्या हट्टामुळे आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ४५ युनिटची, कंपनीने सांगितलेली रेंज ४६० किलोमीटर. शहरात मस्त चालते, रात्री घरी चार्ज होते, आजवर कुठे अडलं नाही. आता माझ्या भावाने नवीन घर घेतलंय, आमच्यापासून ६२० किलोमीटरवर. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे चौघं जाणार आहोत. मी म्हणते, आपलीच गाडी नेऊ. ४६० ची रेंज आहे, वाटेत एकदा चार्ज केलं की झालं. नवरा म्हणतो, घरी पूर्ण चार्ज व्हायला आठ तास लागतात, वाटेत आठ तास बसणार कोण? त्यापेक्षा दिरांची पेट्रोल गाडी मागून नेऊ. ‘आईला घेऊन रस्त्यात अडकलो तर?’ असं तो म्हणाला की मला पुढे बोलता येत नाही. पण गाडी घरी ठेवून गेलो तर सगळे म्हणणार, बघ, म्हटलं होतं ना, ही गाडी गावातल्या गावात फिरायलाच. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. पण ते कबूल करायची सोय राहिलेली नाही. काय करू? आणि जाता जाता : निघताना बॅटरी १०० टक्के भरली तर ती खराब होते का?

उत्तर :

तुमच्या घरातल्या वादात दोन आकडे आहेत आणि दोन्ही लांबच्या प्रवासाचे नाहीत. ४६० तुम्ही माहितीपत्रकातून उचललात आणि आठ तास तुमच्या मिस्टरांनी घरच्या पार्किंगमधून. दोघंही आपापल्या जागी खरं बोलताय, म्हणून तर भांडण मिटत नाहीये. आधी हे दोन आकडे बाजूला करू, मग मूळ विषयाकडे येऊ. तो गाडीचा नसावा असा मला दाट संशय आहे.

रेंजचा आकडा येतो कुठून? गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवून ठरावीक पद्धतीने पळवतात. युरोपात २०१७ मध्ये लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी घ्या : अर्धा तास, २३ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ४६-४७ किलोमीटर. एसी बंद. डिकीत चौघांचं सामान नाही, समोरून वारा नाही, चढ नाही. म्हणजे आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या प्रवासाचाही नसतो.

पेट्रोल गाडीची सवय असलेल्यांना इथे आणखी एक धक्का बसतो. पेट्रोल गाडी शहरात पिते आणि हायवेला चांगलं अ‍ॅव्हरेज देते. तुमच्या गाडीचं बरोबर उलटं. शहरात पाय काढला किंवा ब्रेक लावला की मोटर जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज परत बॅटरीत घालते. सिग्नलला उभं असताना इंजिन फुकट जळत नाही. हायवेवर ब्रेक फारसा लागतच नाही, म्हणजे परत काही मिळत नाही. खर्च होतो तो मुख्यतः हवा कापण्यात आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण विरोध दीडपटीहून जास्त. १२० ला तो ८० च्या सव्वादोन पट. टपावर कॅरिअर बांधून सामान चढवलं असेल तर त्यात आणखी भर.

आता तुमचा हिशेब मांडू. तुमच्या आकाराची गाडी ताशी ९०-१०० ने चालवली की साधारण एका युनिटला सहा किलोमीटर जाते. (तुमच्या गाडीचा खरा आकडा तुमच्या स्क्रीनवर आहे. पण तो हायवेवर तासभर चालवल्यानंतर बघा, कारण रोजच्या शहरी फेऱ्यांची सरासरी इथे कामाची नाही. कंपनी जी क्षमता सांगते तीही सगळीच्या सगळी वापरता येते असं नाही, थोडी बॅटरीच्या रक्षणासाठी राखलेली असते; तुमची वापरता येण्याजोगी किती ते विचारून घ्या.) ४५ गुणिले ६, म्हणजे पूर्ण भरलेली ते पूर्ण रिकामी २७० किलोमीटर. पूर्ण रिकामी आपण करणार नाही. १०० वर निघून २० टक्क्यांवर थांबायचं म्हणजे वापरायला मिळाली ३६ युनिट, म्हणजे २१५ किलोमीटर.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि पुढचे टप्पेही २१५ चेच धरून मोकळे होतात. मोठी चूक तीच. वाटेत आपण १०० पर्यंत भरत बसत नाही, ८० ला सुटतो. २० ते ८० म्हणजे २७ युनिट, १६० किलोमीटर. पहिला टप्पा लांब आणि त्यानंतरचा प्रत्येक टप्पा त्याच्या पाऊण. तुमच्या ६२० मध्ये २१५, १६०, १६० आणि उरलेले ८५; म्हणजे वाटेत तीनदा थांबणं आलं, त्यातला तिसरा थांबा आटोपशीर. तुमचं ‘एकदाच’ गेलं.

पण मिस्टरांचे आठ तासही गेले. घरी वेळ लागतो कारण घरच्या एसी विजेचं (हा एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह, गारव्याचा नव्हे) डीसीत, म्हणजे बॅटरीला चालणाऱ्या एकदिश प्रवाहात रूपांतर गाडीतल्या लहानशा चार्जरला करावं लागतं आणि त्याची झेप सहा-सात किलोवॉटची, म्हणजे तासाला सहा-सात युनिटांची असते. हायवेवरच्या फास्ट चार्जरमध्ये हे रूपांतर बाहेर उभ्या असलेल्या कपाटाएवढ्या यंत्रात होतं आणि डीसी वीज थेट बॅटरीत जाते. ५०-६० किलोवॉटचा चार्जर असेल आणि गाडी तेवढं घेत असेल तर ती २७ युनिटं पाऊण तासाच्या आत भरतात. तीन थांब्यांचे मिळून दोन तासांच्या आत-बाहेर. आता वाद ‘एकदाच’ विरुद्ध ‘आठ तास’ असा राहिला नाही. ‘दोन तास जास्तीचे, चालतील का?’ एवढाच राहिला आणि त्यावर दोन समंजस माणसं बसून बोलू शकतात.

८० चा आग्रह का, ते एकदा मिस्टरांना चार्जरच्या स्क्रीनवर दाखवा. गन (चार्जरच्या केबलचं गाडीत लावायचं टोक) लावल्यावर सुरुवातीला ५० किलोवॉटच्या आसपास आकडा दिसेल. बॅटरी ६० टक्क्यांच्या पुढे गेली की तो हळूहळू उतरायला लागतो. ८० ला पंचवीस-तीस, ९० नंतर दहा-बारा. भांडं काठोकाठ यायला लागलं की आपण धार बारीक करतो, तसंच. नाहीतर बॅटरीतल्या सेल्सना इजा होते, म्हणून गाडीच विजेला आवर घालते. परिणाम असा की शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ६० टक्क्यांइतकाच वेळ जाऊ शकतो. त्या वेळात तुम्ही पुढच्या चार्जरच्या वाटेवर बऱ्याच पुढे गेलेल्या असता. शिवाय मागे रांगेत कोणीतरी उभं असतं. (८० नंतर गाडी तशीच लावून निवांत जेवायला बसणारी मंडळी सगळीकडे भेटतात. तुम्ही त्यांच्यातल्या होऊ नका.)

चार्जरवर मोठा आकडा लिहिलाय म्हणून हुरळून जायचं नाही. १८० किलोवॉटच्या चार्जरला ५० घेणारी गाडी लावली तरी तिला ५०च मिळणार. आणि एकाच यंत्राला दोन गन असतील तर शेजारी दुसरी गाडी येऊन लागली की वीज वाटली जाऊ शकते. तुमचा आकडा अचानक निम्म्यावर आला तर गाडी बिघडली असं समजू नका, शेजारी बघा.

एवढा हिशेब केलात की ‘गाडी पोचेल का?’ हा प्रश्न सुटतो. पण माझ्या मते तो मुळात विचारण्यासारखा प्रश्नच नव्हता. विचारायचा तो हा : ठरवलेला चार्जर बंद निघाला तर आम्ही कुठे जाणार?

कारण अडकणारी माणसं बहुधा रेंज कमी पडली म्हणून अडकत नाहीत. नकाशावर हिरवा ठिपका बघून ती १२ टक्क्यांवर तिथे पोचतात. दोन गनपैकी एकीवर ‘बंद आहे’ असा हाताने लिहिलेला कागद. दुसरी चालू आहे, पण क्यूआर कोड उन्हाने इतका फिका पडलाय की फोन तो वाचत नाही. कोड नंबर हाताने घालावा म्हटलं, तर अ‍ॅप आधी लॉग-इन मागतं, लॉग-इनला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला नेटवर्क लागतं. गाडी उत्तम, बॅटरी उत्तम, चार्जरमध्ये वीजसुद्धा आहे. आणि तरी माणूस अडकलेला. म्हणून त्या वाटेवर ज्या-ज्या कंपन्यांचे चार्जर आहेत त्या सगळ्यांची अ‍ॅप आधीच फोनमध्ये घ्या, नोंदणी करा, वॉलेटमध्ये थोडे पैसे टाकून ठेवा आणि जमलं तर हेच सगळं मिस्टरांच्या फोनमध्येही करा. कार्ड टेकवून चालू होणारा चार्जर असेल तर ते कार्ड मागवून घ्या.

आणि २० टक्क्यांचा आग्रह याचसाठी आहे. चार्जरवर पोचताना बॅटरीत एवढं उरलेलं हवं की तो बंद असला तर पुढच्या, किंवा मागे टाकलेल्या चार्जरपर्यंत जाता येईल. काही ठिकाणी त्यासाठी १५ टक्के पुरतात, काही ठिकाणी ३५ ठेवावे लागतात. ते ठरतं दोन चार्जरमधल्या अंतरावरून. स्वभाव धाडसी की भित्रा, यावरून ते ठरवायचं नाही. एकच चार्जर आणि मागे-पुढे शंभर किलोमीटर काहीच नाही, अशी जागा वाटेत असेल तर तिच्या आधीच्या थांब्यावर ८० चा नियम मोडून ९५ पर्यंत भरा. नियम आपल्या सोयीसाठी आहेत. प्लगशेअरसारख्या अ‍ॅपवर लोक आपापले अनुभव लिहितात. तिथे ताऱ्यांपेक्षा तारखा बघा. परवा कोणीतरी यशस्वी चार्ज केलंय, ही नोंद सहा महिन्यांपूर्वीच्या पाच ताऱ्यांपेक्षा मोलाची.

वाटेत मोठा चढ असेल तर तोही हिशेबात धरा. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी एक हजार मीटर वर चढवायला नुसती उंचीसाठी साडेपाच युनिट लागतात. तुमच्या बॅटरीचे बारा टक्के झाले ते. उतारावर त्यातला बराचसा भाग परत येतो, पण चढ आधी असतो आणि चार्जर माथ्यावर असेलच असं नाही. डोंगरावर मुक्काम असेल तर तिथे १०० पर्यंत भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

आता त्या वाक्याकडे येते, ज्याच्यापुढे तुम्ही गप्प होता. ‘आईला घेऊन रस्त्यात अडकलो तर?’

आधी त्यातला तांत्रिक भाग. रस्ता तुंबून तीन तास गाडी जागची हलली नाही, ही कल्पना लोकांना फार घाबरवते. उभ्या इलेक्ट्रिक गाडीचा एसी चालू ठेवायला तासाला साधारण एक-दीड युनिट लागतं. २० टक्के, म्हणजे ९ युनिट शिल्लक असली तरी पाच-सहा तास आत गारव्यात बसता येतं, धूर नाही, आवाज नाही. म्हाताऱ्या माणसाला घेऊन कोंडीत अडकायचंच असेल तर मी तुमच्याच गाडीत अडकेन. बॅटरी खरोखर संपली तर मात्र गाडी दोर बांधून ओढायची नाही; चाकं फिरली की मोटरही फिरते आणि नुकसान होऊ शकतं. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची असते. रस्त्यावरच्या मदतीचा नंबर आधीच फोनमध्ये ठेवा आणि ‘फ्लॅटबेड पाठवा’ असंच स्पष्ट सांगा.

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. तुमच्या अख्ख्या पत्रात सासूबाईंच्या नावाने मिस्टर बोलतात, त्यांच्या काळजीने तुम्ही गप्प होता, पण सासूबाई स्वतः एक शब्द बोललेल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंय का? ७१ वर्षांच्या बाईला ६२० किलोमीटरच्या प्रवासात नेमका कशाचा त्रास होतो? सलग तीन-साडेतीन तास बसून राहण्याचा. गुडघे आखडतात, पाय सुजतात. आणि ‘जरा थांबवा’ म्हणायचा संकोच. सगळ्यांची घाई दिसत असताना स्वच्छतागृहासाठी गाडी थांबवायला सांगणं किती जिवावर येतं, हे त्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. पेट्रोल गाडीत थांबायला कारण लागतं आणि ते कारण त्या होतात. तुमच्या गाडीत दर दोन-तीन तासांनी थांबणं आधीच ठरलेलं आहे आणि त्याचा ठपका कोणावर नाही. जो मुद्दा तुमच्या गाडीच्या विरोधात मांडला जातोय, तो तिच्या बाजूचा निघण्याची बरीच शक्यता आहे. पण ते त्यांनी सांगू दे, तुम्ही त्यांच्या वतीने सांगू नका. एक पक्ष आधीच तेच करतोय.

म्हणून थांबे निवडताना किलोवॉट नंतर बघा. आधी बघा की तिथे स्वच्छ स्वच्छतागृह आहे का, ते गाडीपासून किती पावलांवर आहे, मध्ये पायऱ्या आहेत का, बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची आहे का, सावली आहे का. ३० किलोवॉटचा चार्जर आणि चांगली जागा असेल तर मी ती निवडेन. ६० चा चार्जर रिकाम्या प्लॉटवर एकटाच उभा असेल तर तो दुसऱ्या क्रमांकावर. एकट्याने गाडी चालवणाऱ्या बायकांनी तर रात्रीच्या थांब्याला उजेड आणि माणसांचा वावर हीच पहिली अट ठेवावी.

राहता राहिला तुमचा आणि मिस्टरांचा मामला. तुम्ही लिहिलंय, ‘मलाही भीती वाटते, पण ते कबूल करायची सोय राहिलेली नाही.’ सगळ्या पत्रात मला हेच वाक्य खरं वाटलं. गाडी तुमच्या हट्टाने आली, त्यामुळे तिची वकिली तुमच्याकडे आली. मग एकाने शंका घ्यायची आणि दुसऱ्याने ‘काही होत नाही’ म्हणायचं, अशी वाटणी होऊन बसली. शंका घेणाऱ्याला वाटतं, हिला गांभीर्यच नाही. म्हणून तो आणखी जोरात शंका घेतो. तुम्ही एकदा म्हणून बघा, ‘मलाही धाकधूक आहे, आपण दोघं मिळून रस्ता आखू या का?’ हरल्यासारखं वाटेल, पण तसं काही नाही. त्यानंतर नकाशा त्यांच्या हातात द्या. शंका घेणारा माणूस पर्यायी चार्जर शोधायला फार चांगला असतो. जे बिघडू शकतं ते त्याला आधीच दिसतं.

याच संदर्भात एका बाईची आठवण करून देते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतली बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला आईकडे गेली. वाट शंभरेक किलोमीटरची. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो ओळखला जातो. पेट्रोल पंप ही गोष्टच तेव्हा जन्माला आली नव्हती. इंधन म्हणून लागणारं लिग्रोइन तिने वाटेत वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. नळीत कचरा अडकला तो टोपीच्या पिनेने काढला, चढावर पोरांनी गाडी ढकलली. नवरा झोपेत असताना ती निघाली होती, हे विशेष. तुम्ही तसं करा असं मी सुचवत नाहीये. पण इंधन कुठे मिळेल ही चिंता विजेच्या गाड्यांनी आणलेली नाही, हे मिस्टरांच्या कानावर घालायला हरकत नाही.

मग काय करायचं? तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

दिरांची गाडी. यात कमीपणा काहीच नाही. नीट शोधूनही तुमच्या वाटेवर दोन-दोन भरवशाचे चार्जर सापडत नसतील, किंवा कोणाची तब्येत अशी असेल की मुक्कामाला वेळेतच पोचायला हवं, तर खुशाल तीच न्या. पण कारण ते असावं. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आपली गाडी नेणं जितकं चूक, तितकंच त्याच भीतीने ती घरी ठेवणं.

एकाच दिवसात आपली गाडी. ६२० किलोमीटर म्हणजे चांगल्या रस्त्यानेही नऊ-साडेनऊ तास चालवणं, त्यात चार्जिंगचे दोन. पहाटे निघालात तर संध्याकाळी पोचाल. जमेल. पण पहिल्याच मोठ्या प्रवासात, वयस्कर माणूस आणि लहान मूल बरोबर असताना, मी हे करणार नाही. एक चार्जर बंद निघाला की अंधार होतो आणि मग आवाज चढतात.

तिसरी वाट मला पसंत आहे : वाटेत एक मुक्काम. पहिल्या दिवशी ३३० किलोमीटर. १९० वर थांबून अर्धा-पाऊण तास भरा, उरलेले १४० करून मुक्काम. रात्रभर गाडी साध्या एसी चार्जरवर राहते आणि सकाळी १०० टक्के हातात येतात, म्हणजे तो लांबचा पहिला टप्पा तुम्हाला दुसऱ्यांदा मिळतो. दुसऱ्या दिवशी २९०, पुन्हा एकच थांबा. दिवसाला एकदाच गन लावायची. मुक्कामाच्या जागेला मात्र फोन करून नीट विचारा. ‘चार्जिंग आहे’ या उत्तरावर विसंबू नका. किती किलोवॉटचा? गाडी तिथे लावायला जागा राखून ठेवाल का? रात्री तो बंद तर करत नाही? ७ किलोवॉटचा असेल तर ३२ युनिटं पाच तासांत भरतात. साधं १६ अँपिअरचं सॉकेट असेल तर अकरा-बारा तास लागतील. तेही चालतं, फक्त संध्याकाळी लवकर पोचायला हवं.

त्याआधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी रंगीत तालीम करा. दीडशे किलोमीटर दूर जायचं, तिथल्या फास्ट चार्जरवर भरायचं, परत यायचं. गाडी मिस्टरांनी चालवायची आणि गनही त्यांनीच लावायची. ती वजनाला जड असते, नीट बसली की खट् आवाज येतो आणि सुरू झाल्यावर गाडीतला पंखा अचानक मोठ्याने घरघरतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे घाबरवणारं वाटतं, दुसऱ्यांदा लक्षातही राहत नाही. तुम्ही शेजारी बसा आणि शिकवू नका. त्या दिवशी युनिटला किती किलोमीटर मिळाले ते लिहून ठेवा. तोच आकडा घेऊन वर मी ६ धरून केलेला हिशेब नव्याने करा.

परतीचं लोक विसरतात. भावाच्या घरी गाडी लावायच्या जागेजवळ १६ अँपिअरचं सॉकेट आहे का, त्याचं अर्थिंग नीट आहे का, हे आताच एखाद्या इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्यायला सांगा. अर्थिंग नसेल तर बऱ्याच गाड्या चार्ज घ्यायलाच नकार देतात. आणि घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड लावून रात्रभर चार्जिंग, हे कोणीही आग्रह केला तरी करायचं नाही. इतका वेळ इतका प्रवाह सोसायला ती वायर बनवलेलीच नसते. ती तापते, वितळते.

ज्यांची बॅटरी तुमच्याहून लहान, पंचवीस-तीस युनिटची आहे त्यांनी हाच हिशेब आपल्या आकड्यांनी करावा. टप्पे शंभरेक किलोमीटरचे येतील आणि दिवसाला तीनशेच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. थंड प्रदेशात राहणाऱ्यांना दोन गोष्टी नडतात. गार बॅटरी फास्ट चार्जरवर हळू भरते आणि केबिन गरम करायला एसीपेक्षा बरीच जास्त वीज जाते. गाडीच्या नकाशात चार्जर हेच ठिकाण म्हणून टाकलं तर काही गाड्या वाटेतच बॅटरी तापवून ठेवतात. तुमच्या गाडीत ती सोय आहे का, पुस्तिकेत बघा.

तुमचा शेवटचा प्रश्न. १०० टक्के भरल्याने बॅटरी लगेच खराब होत नाही. तिला मानवत नाही ते भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस उभं राहणं, त्यातही उन्हात. तुमची बॅटरी निकेल असलेल्या प्रकारची, म्हणजे एनएमसी असेल तर रोजच्या वापराला ८० आणि लांब जाताना १००, असं ठेवा. एलएफपी (लोह-फॉस्फेटची) असेल तर ती १०० ला फारशी कुरकुरत नाही. उलट कंपन्याच सांगतात की अधूनमधून पूर्ण भरा, म्हणजे टक्के दाखवण्यात चूक होत नाही. कुठली आहे ते पुस्तिकेत सापडेल. निघायच्या आदल्या रात्री चार्जिंग अशा बेताने लावा की १०० पहाटेच्या सुमाराला होईल. बहुतेक गाड्यांच्या अ‍ॅपमध्ये वेळ लावता येते. चाकांतली हवाही त्याच पहाटे, टायर गार असताना बघा आणि चौघं व सामान धरून कंपनीने जो आकडा दिलाय तेवढी भरा. तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.